फ्रिजरावांना सांगितलेलं दुखणं

दादा आणि धाकटा या दोघा भावांचा सामान हलवण्याचा धंदा होता आणि गेली आठ-नऊ वर्षं ते एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

आता, हा धंदा मुक्याने होत नाही. कपाटाच्या एका टोकाला एक भाऊ, दुसऱ्या टोकाला दुसरा आणि मधे जिन्याचं वळण असलं, की "थांब", "वळ", "टेक" एवढं तरी तोंडातून निघावंच लागतं. नाहीतर कपाट एकीकडे, भाऊ दुसरीकडे आणि गिऱ्हाईक पोलीस चौकीत. म्हणून दोघांनी तोड काढली होती. ते कपाटाशी बोलत.

"कपाटबुवा, जरा डावीकडे सरकता का?" दादा म्हणायचा, की धाकटा डावीकडे सरकायचा.

"कपाटबुवा, वरच्या माणसाला सांगा, त्याच्या टाळक्यामागे दिवा लोंबतोय," धाकटा म्हणायचा, की दादा मान खाली घालायचा.

वजन जितकं जड तितका मान मोठा. कपाट असलं तर बुवा, फ्रिज असला तर राव. टेबलाला पंत म्हणत. खुर्चीला मात्र "ए खुर्चे" याच्यावर कुणी कधी चढवलं नाही. नवीन गिऱ्हाईक आधी दचकायचं, मग शेजाऱ्यांना बोलावून आणायचं.

भांडण एका सोफ्यावरून झालं होतं. दादाचं म्हणणं, सोफा उभा करून दारातून घ्यायचा. धाकट्याचं म्हणणं, आडवा, पाय आधी. दोघांनी आपापलं खरं केलं, तेही एकाच वेळी. सोफा चौकटीत असा काही अडकला की सुतार आला, गवंडी आला, दोघंही त्याच्यावर बसून चहा पिऊन गेले. तो सोफा अजून तिथेच आहे. त्या घरातली निम्मी माणसं दिवाणखान्यात आणि निम्मी बाहेरच्या बोळात बसून टीव्ही बघतात आणि आता सवय झाली म्हणतात. त्या दिवशी दादा म्हणाला होता, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा ह्या सोफ्याशी बोललेलं परवडलं." दादा शब्दाचा पक्का माणूस. दुसऱ्या दिवसापासून त्याने सुरुवात केली.

यात एक नियम आपोआप पडला होता. फर्निचरला सांगितलेली गोष्ट कामाची असेल तर दुसऱ्याने ऐकायची आणि तसं करायचं. बिनकामाची असेल तर ती बोलणारा आणि ते सामान यांच्यातली खाजगी बाब. आपण मधे तोंड घालायचं नाही. धाकट्याने आपलं लग्न ठरल्याची बातमी एका धुलाई मशीनला दिली होती. दादा लग्नाला वेळेवर हजर राहिला आणि दारातल्या फुलदाणीला "सुखात राहा म्हणावं" असं सांगून जेवून गेला. पुढे धाकट्याची बायको सोडून गेली, तेव्हा ते त्याने एका लोखंडी पलंगाला सांगितलं. त्या दिवशी सगळ्या जिन्यांवर खालची, म्हणजे भाराची बाजू दादाने स्वतःकडे ठेवली.

आणि परवा दादाने फ्रिजला सांगितलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरून उतरताना मधल्या टप्प्यावर त्यांनी फ्रिज टेकवला. दादा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. एक हात बेंबीवर ठेवून म्हणाला, "फ्रिजराव, पोटात काहीतरी धडधडतंय हो. हात ठेवला की हाताला लागतं. दुसरं काळीज बसवल्यासारखं. आणि पाठ तर अशी ठणकते, की जणू आतून कोण खिळा ठोकतंय."

धाकट्याने ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. दादा अडुसष्टचा होता, विड्या ओढायचा, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात ठेवायचा आणि खिशातच ठेवायचा. धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, की डॉक्टरला दाखव. पण गोष्ट कामाची नव्हती. त्याने फ्रिजकडे पाहिलं. फ्रिज बंद असल्यामुळे तोही काही बोलला नाही.

"चला फ्रिजराव," धाकटा शेवटी म्हणाला.

आज सकाळी पुस्तकांचं एक मोठं कपाट उतरवत असताना दादाने आपली बाजू खाली ठेवली. न सांगता ठेवली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. धाकट्याच्या खांद्याला हिसका बसला, तो करवादून कपाटाला काही लावून बोलणार, तेवढ्यात त्याला कपाटाच्या बाजूने दादा दिसला. दादा पायरीवर बसला होता. चेहरा चुना फासल्यासारखा, कपाळावर घाम.

"कपाटबुवा," तो म्हणाला, "पाठीत काहीतरी तुटलं बघा." आणि बसल्या जागी कलंडला.

गिऱ्हाईक बाईंनी पाणी आणलं, वारा घातला, आणि "बाकीची पुस्तकं नंतर नेली तरी चालतील" असंही सांगितलं. धाकट्याने कपाट जिन्यातच सोडलं आणि दादाला उचललं. सबंध आयुष्य वजनं उचलण्यात गेलं, पण हे वजन कुठे धरायचं ते त्याला कळेना. माणसाला कडी नसते. टेम्पोत काचसामानाच्या गोधड्या होत्या, त्यांवर दादाला आडवं केलं. वरून जी गोधडी घातली तिच्यावर "नाजूक वस्तू, उलटी करू नये" असं छापलेलं होतं. दादा शुद्धीवर आला, त्याने ते वाचलं, आणि डोळे मिटून घेतले.

हॉस्पिटलच्या दारापर्यंत धाकटा टेम्पो चालवत एकच वाक्य जुळवत होता. तू परवा म्हणालास ते मी ऐकलं होतं. "तू" म्हणायचं, दादाकडे बघून म्हणायचं, मधे कुणी नको. वाक्य काही अवघड नव्हतं. तरी दर सिग्नलला ते पहिल्यापासून जुळवावं लागत होतं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने दादाच्या पोटावर हात ठेवला आणि तो हात त्याने लगेच उचलला, तापलेल्या तव्यावर पडल्यासारखा. मग सोनोग्राफीचं मशीन ओढून आणलं, पोटावर जेल चोपडलं आणि पडद्याकडे बघत फोनवर बोलायला लागला. त्याच्या आवाजातली घाई धाकट्याने ओळखली. पियानो हातातून निसटतोय असं कळल्यावर माणूस असाच बोलतो.

थोड्याच वेळात सर्जन आले. बुटके, जाडगेले, चष्मा कपाळावर सरकवलेला. पडद्यावर एक नजर टाकून त्यांनी धाकट्याला बाजूला घेतलं.

"तुम्ही कोण यांचे?"

"भाऊ. धाकटा."

"ऐका. काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते. यांची ती पोटात फुगली होती. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तशी. वर्षानुवर्षं फुगत असणार. आज ती फुटली."

"फुटली म्हणजे?"

"म्हणजे फुटली. नशीब एवढंच, की पाठीच्या बाजूला फुटली आहे. तिकडच्या स्नायूंनी आणि गोठलेल्या रक्ताने बूच बसवलंय. ते बूच आहे तोवर तुमचे भाऊ आहेत. पोट उघडायचं, वाहिनीला वरून चिमटा लावायचा, फुटलेल्या जागी कापडाची नळी शिवायची. केलं नाही तर आज संध्याकाळ दिसणार नाही. केलं तर," सर्जनने चष्मा डोळ्यांवर घेतला, "निम्मे लोक टेबलावरून परत येतात."

"आणि निम्मे?"

सर्जनने त्याच्याकडे पाहिलं. "मी खोटं सांगत नाही कुणाला," ते म्हणाले.

रक्ताच्या पिशव्या मागवल्या, ऑपरेशनची खोली तयार व्हायला लागली. तोवर दादाच्या दंडाला सलाईन लावली होती, आणि ती नळातून गळावं तशी थेंब थेंब पडत होती. धाकट्याला राहवेना.

"अहो, एवढं रक्त गेलंय म्हणता, मग सोडा की जोरात. चावी तर इथेच आहे."

"हात लावू नका," कॅज्युअल्टीतला डॉक्टर ओरडला. "दाब वाढला तर बूच उडेल. दाब कमीच ठेवायचाय. फक्त मेंदूला पुरेल इतका."

"पुरतोय हे कळणार कसं?"

"बोलण्यावरून. नीट बोलतायत, भान आहे, म्हणजे पुरतोय. बडबडायला लागले की समजायचं कमी पडतोय, मग सलाईन वाढवायची. तुम्ही असं करा, त्यांच्याशी बोलत राहा. सख्खा भाऊ आहात. तुमच्याइतकं कोण ओळखणार?"

सगळ्या शहरात नेमकं हे एकच काम धाकट्याला येत नव्हतं, आणि डॉक्टरने शोधून तेच त्याच्या गळ्यात बांधलं होतं.

तो दादाच्या उशाशी जाऊन उभा राहिला. जुळवलेलं वाक्य काढलं. तू परवा. त्यापुढे ते सरकेना. दादाने डोळे उघडले, धाकट्याकडे पाहिलं, मग मान वळवून सलाईनच्या स्टँडकडे पाहिलं.

"सलाईनबुवा," दादा म्हणाला, "ह्याला सांगा, टेम्पो उतारावर लावलाय. हँडब्रेक ओढला का विचारा."

डॉक्टरने मान वर केली. "काय म्हणाले?"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

"आणि सलाईनबुवा, ते कपाट अर्ध्या जिन्यात आहे म्हणावं. वरच्या माळ्यावरची म्हातारी बाजारात कशी जाणार?"

"भान सुटलं!" डॉक्टर म्हणाला. "स्टँडशी बोलतायत. मेंदूला रक्त पोचत नाहीये. सिस्टर, सलाईन पूर्ण सोडा." सिस्टरचा हात चावीकडे गेला.

"थांबा!" धाकटा मधे आला. "भान आहे त्यांना. ते माझ्याशी बोलतायत."

"तुमच्याकडे तर बघतही नाहीयेत!"

"आमच्यात असंच आहे. आम्ही बोलत नाही ना."

"बोलत नाही, मग बोलतायत कसे?"

"सलाईनमार्फत," धाकटा म्हणाला. डॉक्टर त्याच्याकडे असा बघायला लागला, की जणू दुसरी बाटली याच्यासाठीच काढावी. धाकट्याने घाम पुसला. "ह्यांचं बरोबर आहे. टेम्पो उतारावरच लावलाय. कपाट खरंच जिन्यात आहे. म्हातारी पण आहे." मग स्टँडकडे वळून तो घाईघाईने म्हणाला, "सलाईनबुवा, सांगा त्याला, हँडब्रेक ओढलाय आणि चाकाला दगडही लावलाय."

"लहान की मोठा विचारा," दादा म्हणाला.

"मोठा."

"हां. मग ठीक."

सिस्टरने डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने धाकट्याकडे. चावीवरचा हात खाली आला. बूच जागेवर राहिलं. एकमेकांशी न बोलण्याच्या त्या पद्धतीने दादाला आज अर्धा तास दिला होता, आणि त्याच पद्धतीने परवापासूनचे दोन दिवस खाल्ले होते. धाकट्याला हिशेब येत होता. त्याचं वाक्य मात्र अजून बाकी होतं.

तेवढ्यात वहिनी आली. हातात पिशवी, पिशवीत घाईत भरलेलं काहीही: टॉवेल, कंगवा, आणि का कुणास ठाऊक, लाटणं. तिने दादाच्या कपाळावर हात ठेवला.

"काय करून घेतलंत हे?"

"मी कुठे केलं? आतल्या आत झालं," दादा तिला म्हणाला. तिच्याशी तो माणसासारखा बोलायचा. "पाइप फुटलाय म्हणे. नवा टाकतायत."

सर्जनने तिला पुन्हा सगळं सांगितलं, निम्म्यांचं गणितही. वहिनीने पदराने तोंड दाबलं आणि दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "करा हो डॉक्टर. इथवर उतरवलंय, अर्ध्यात कशाला ठेवता?"

ऑपरेशनची खोली लांबच्या टोकाला होती. ट्रॉली ढकलायला एक प्रौढ वॉर्डबॉय आला, वॉर्डबॉय म्हणायचं, पण मिशा पिकलेल्या. पायाकडून तो, डोक्याकडून धाकटा. वहिनी चालत चालत दादाच्या हातात हात देऊन. बोळाच्या वळणावर कुणी तरी एक लोखंडी कपाट ठेवलं होतं आणि ट्रॉली अडली. वॉर्डबॉयने मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा अडली.

"ट्रॉलीबाई," खालून दादाचा आवाज आला, अगदी बारीक, "आधी पाय भिंतीकडे काढा, मग डोकं फिरवा. ह्याला माहिती आहे."

धाकट्याने तसं केलं. ट्रॉली भिंतीला न शिवता वळली. वॉर्डबॉय म्हणाला, "वा! तीस वर्षं आपटतोय मी इथे."

दादा किंचित हसला. मग त्याचे ओठ निळसर व्हायला लागले.

दाराशी तांबडी रेघ होती. तिच्यापलीकडे हिरव्या टोपीतल्या भूलतज्ज्ञ बाई उभ्या होत्या. "इथवरच," त्या म्हणाल्या.

"आता लगेच झोपवणार?" धाकट्याने विचारलं.

"नाही. यांना शेवटपर्यंत जागं ठेवावं लागतं. भूल दिली की पोटाचे स्नायू सैल पडतात, बूच सुटतं. म्हणून पोट रंगवून, कपडे अंथरून, सर्जन सुरी हातात घेऊन उभे राहिले, की मगच मी औषध देते. तोवर ते जागे असतात, मी उशाशी असते. काही बोलायचं असेल तर आत्ता बोला. लवकर."

वहिनी वाकली आणि दादाच्या कानात काहीतरी बोलली. ते तिचं तिचं. मग ती बाजूला झाली.

धाकटा पुढे आला. इकडेतिकडे पाहिलं. स्टँड होता, सिलेंडर होता, भिंतीवर घड्याळ होतं. कुणालाही बुवा म्हणता आलं असतं. त्याने सगळ्यांकडे पाठ केली. दादाच्या तोंडावर वाकला, इतका, की विडीचा वास आला.

"दादा," तो म्हणाला.

दादाचे डोळे एकदम मोठे झाले.

"दादा, तू..." वाक्य तयार होतं. सकाळपासून घोटलेलं होतं. दादा बघत होता. वॉर्डबॉय बघत होता, बाई बघत होत्या, ट्रॉली हलायला लागली होती. धाकट्याच्या तोंडातून जे निघालं ते असं निघालं:

"तू... तुझ्या चपला माझ्याकडे आहेत."

दार मिटलं.

काही माणसांना शेवटी सुचतं, काहींना शेवटीही चपला सुचतात. धाकट्याने भिंतीवर डोकं हळूच आपटून घेतलं, मग जरा जोरात. वॉर्डबॉयने "भिंत कच्ची आहे हो" असं सांगून त्याला थांबवलं.

दाराला बशीएवढी गोल काच होती. तिच्यातून धाकट्याला आतला मोठा दिवा दिसला, दादाचं पोट तपकिरी औषधाने रंगवणारे हात दिसले आणि दादाचं डोकं. दादा वर बघत होता. ओठ हलत होते. काय म्हणतोय ते काचेतून ऐकू येत नव्हतं. मग सर्जनचा हात पुढे आला, बाई वाकल्या, आणि दादाचे ओठ थांबले. आतून कुणीतरी काचेवर पडदा ओढला.

बाकावर वहिनी आणि तो बसून राहिले. आतून माणसं पळत बाहेर यायची, रक्ताच्या पिशव्या घेऊन पळत आत जायची. दर वेळी दोघं उठायची, दर वेळी बसायची.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "घरी रोज तुमच्याबद्दल बोलतात. आज हा नीट जेवला नाही, आज ह्याचा खांदा दुखत होता. मी म्हणते, त्यालाच विचारा की. तर म्हणतात, कसं विचारू, गोष्ट कामाची नाही."

धाकटा पिशवीतल्या लाटण्याकडे बघत राहिला.

"वहिनी, परवा तो फ्रिजला म्हणाला होता. पोटात धडधडतंय म्हणून. मी ऐकलं होतं. मी काहीच बोललो नाही."

वहिनीने लाटणं पिशवीत खाली दाबलं. "मलाही म्हणाले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, वात धरला असेल, गरम पाणी प्या."

धाकट्याला वाटलं, आता ओझं निम्मं व्हायला हवं. दोघांनी धरलं की होतं. पण हे ओझं वेगळंच होतं. दोघांनी धरलं तर ते दोघांनाही सबंध होत होतं.

दुपार कलली तेव्हा सर्जन बाहेर आले. टोपी काढलेली, केस कपाळाला चिकटलेले. ते उभे राहिले नाहीत. बाकावर वहिनीच्या शेजारी येऊन बसले, तेव्हाच तिला कळलं आणि तिने धाकट्याचा दंड धरला.

"नळी बसली होती," सर्जन म्हणाले. "शिवण चांगली झाली होती. पण चिमटा काढला, रक्त पायांकडे सुटलं आणि हृदयाला तो भार पेलवला नाही. थांबलं. आम्ही पुष्कळ वेळ प्रयत्न केला. मला माफ करा."

"परवा आणलं असतं तर?" धाकट्याने विचारलं.

सर्जनने त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, ते खोटं सांगत नाहीत. "परवा फुटली नव्हती," ते म्हणाले. "सोनोग्राफीत दिसली असती. घाई न करता ऑपरेशन झालं असतं, आणि अशी बहुतेक माणसं घरी जातात." थोडं थांबून म्हणाले, "पण पाठ दुखते म्हणून लगेच डॉक्टरकडे येतं कोण? तुमच्या धंद्यात तर कुणीच नाही."

ते चांगल्या मनाने बोलले होते. धाकट्याने मान हलवली.

वहिनीला एका सिस्टरने पाणी दिलं, आत नेऊन बसवलं. धाकटा उभाच होता. भूलतज्ज्ञ बाई बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर थांबल्या.

"तुम्ही भाऊ ना? एक विचारू? शेवटी त्यांचा दाब फार उतरला होता. म्हणजे मला वाटतं, ते भानावर नव्हते. वरच्या दिव्याशी बोलत होते."

"दिव्याशी?"

"हो. दिवेसाहेब म्हणत होते."

"काय म्हणाले दिवेसाहेबांना?"

बाईंना ते विचित्र वाटलं असावं, पण त्यांनी आठवून सांगितलं. "म्हणाले, दिवेसाहेब, ऐकलंत का, हा बोलला. दोनदा म्हणाले. मग म्हणाले, चपला म्हणाला, पण बोलला. आणि हसायला लागले. मी म्हटलं, आजोबा, हसू नका, पोट हलतंय. तर म्हणाले, आता काय करू बाई, सोफा निघाला."

धाकट्याने तोंडावर हात ठेवला.

"कुठला सोफा?" बाईंनी विचारलं.

"आहे एक," धाकटा हातातूनच म्हणाला. "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदाही सांगितलं, शब्द न बदलता. आत कुणीतरी त्यांना हाक मारली, त्या गेल्या.

धाकटा बोलला, हे दादाला कळलं होतं. चपलांइतकं कळलं होतं. उरलेलं धाकट्याकडेच राहिलं होतं.

थोड्या वेळाने त्याला आत सोडलं. दादाला स्वच्छ पुसून, गळ्यापर्यंत चादर घालून ठेवलं होतं. दिवा बंद होता. मिशा पिकलेला वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला आणि दुसऱ्या माणसाची वाट बघत उभा राहिला. टेबलावरून ट्रॉलीवर घ्यायला दोघं लागतात.

"मी धरतो," धाकटा म्हणाला.

"तुम्ही नका. घरच्यांनी नाही धरायचं."

"माझा धंदा आहे हा."

वॉर्डबॉयने थोडा विचार केला आणि बाजू दिली. धाकट्याने दादाच्या काखेखाली हात घातले, डोकं स्वतःच्या छातीवर घेतलं. वॉर्डबॉयने पाय धरले. दादा जड होता. सकाळपेक्षा जड होता.

"उचलू?" वॉर्डबॉयने विचारलं.

"तू परवा म्हणालास ते मी ऐकलं होतं," धाकटा म्हणाला.

वॉर्डबॉय थांबला. "मला म्हणालात?"

"नाही," धाकटा म्हणाला. "ह्याच्याशी बोलतोय."

वॉर्डबॉय पाय धरून तसाच उभा राहिला. त्याने घाई केली नाही. धाकटा बोलत होता.